मोर उघडला की सर्व्हर बसतो

सोलापुरात अक्कलकोट रोडवरच्या एका चादरीच्या कारखान्यात मी अकाउंटंट आहे. कॉलेजात असताना हौसेनं लिनक्सची सीडी घरी आणली होती, हा गुन्हा मुलाखतीत कबूल केला आणि फाइल सर्व्हर कायमचा गळ्यात पडला. जॅकार्डची, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागाची, सगळी डिझाइनं त्याच्या पोटात. तो पडला की मालक, अण्णा, केबिनमधून विचारणार, "काय बे, परत बसला का?"

एप्रिलपासून तो आठवड्यातून एकदा तरी बसू लागला. बंद करून चालू केला की शहाण्यासारखा उठायचा. शिपायाचं मत, ऊन. "बेचाळीस डिग्रीत माणूस टिकंना, ते तर डबडं." मी पंखे साफ केले, तर आतून एक नॅपकिन विणता येईल एवढं सूत निघालं. रॅम रात्रभर तपासली, निर्दोष सुटली. यूपीएसची बॅटरी बदलली, त्या बिलावर अण्णांनी सही केली ती माझ्याकडे बघत. शेवटी कुणीतरी सर्व्हरला लिंबू-मिरची बांधली. त्या आठवड्यात तो एकदाही पडला नाही, हे कबूल केलं पाहिजे.

फक्त त्याच आठवड्यात डिझाइनवाले काका पुतणीच्या लग्नाला हैदराबादला गेले होते, हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही.

काका परतले. दुपारी कडक भाकरी आणि शेंगाचटणी आटोपून त्यांनी 'मोर' नावाचं जुनं फोल्डर उघडलं आणि माझ्या डोळ्यांदेखत सर्व्हर आडवा. "मी काय केलं नाही ओ, नुसता मोर उघडला!"

लॉग, म्हणजे सर्व्हर स्वतःच्या नोंदी लिहितो ती वही, तेव्हा कुठं नीट वाचला. लिनक्स डिस्कवर फाइली मांडतं त्या ईएक्सटी४ फाइलसिस्टिमला जर्नल असतं, म्हणजे आमची रोजकीर्दच. आधी तिथं नोंद, मग खतावणी. वीज गेली तरी अर्धवट राहिलेली खतावणी उठल्यावर पुरी होते. पण खतावणीचं जुनं पान उंदरानं खाल्लं असेल तर ते रोजकीर्दीला कळायचं कसं? मोराचं पान फाटलेलं होतं. दर वेळी चालू होताना सर्व्हर बिचारा लॉगमध्ये लिहीत होता की चुका आहेत, तपासणी करा. चालू होताना आपोआप तपासणी होते, पण एफएसटॅबमध्ये, म्हणजे कुठली डिस्क कशी जोडायची ते लिहिलेल्या फाइलीत, डिस्कच्या ओळीतला शेवटचा आकडा शून्य केला की ती टळते. तो शून्य माझा. उठायला फार वेळ लागतो म्हणून केला होता.

त्याच ओळीत, चूक सापडल्यावर काय करायचं हेही सांगता येतं. तीन पर्याय: दुर्लक्ष करून पुढे चाल, लिहिणं थांबवून नुसतं वाचू दे, किंवा पॅनिक, म्हणजे अख्खी मशीनच ठप्प. पहिला पर्याय आमच्या ऑफिसात सगळेच पाळतात. सर्व्हरला मी तिसरा दिला होता. का, ते आता आठवत नाही. तेव्हा भारी वाटलं असणार.

रविवारी डिस्क अनमाउंट करून, म्हणजे वापरातून सोडवून, ई२एफएससीके हा तपासणी-दुरुस्तीचा प्रोग्रॅम लावला. त्याच्या पाच फेऱ्या, आणि प्रत्येक चुकीला "दुरुस्त करू का?" पहिले वीसेक प्रश्न वाचून, विचार करून 'वाय' दाबलं. नंतर मागच्या रांगेतून अक्षता टाकतात तसं.

सापडलेल्या अनाथ फाइली लॉस्ट अँड फाउंडमध्ये जातात, नाव गमावून, नुसत्या नंबरानं. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेत लाउडस्पीकरवर पुकारतात ना, "निळा शर्ट घातलेला मुलगा सापडलेला आहे, नाव सांगत नाही", तसलीच गर्दी. सोमवारी काका चष्मा लावून पालकासारखे बसले. "हा आपला. हा पण आपला. हा कोणाचा आहे की..." एकेकाला नाव मिळत गेलं.

एक मोर मात्र अर्धाच वाचला. बीएमपी फाइलीत चित्र खालून वर साठवतात, त्यामुळं तुटलेल्या फाइलीत वरचा भाग गेला. डोकं नाही, तुरा नाही, पिसारा नाही. मोराचं जे बघू नये म्हणतात तेवढंच शाबूत.

बॅकअप मी दर महिन्याला घेतो, म्हणजे घ्यायचा असतो. अण्णा मागं येऊन उभे राहिले, स्क्रीनवरचे ते दोन पाय बराच वेळ न्याहाळले आणि काकांना म्हणाले, "ही बॉर्डर नवी आहे की. कधी काढली?"

काकांनी माझ्याकडे बघितलं. मी लिंबू-मिरची सरळ करायला उठलो.