‘फिट्झकराल्डो’तलं जहाज खरंच होतं

दादरच्या आमच्या सिनेमावेड्या ग्रुपवर मेसेज फिरतोय: परदेशात रबराचा धंदा काढणाऱ्या खऱ्या फिट्झकराल्डने अख्खं जहाज डोंगरापलीकडे ओढलं, १९८२च्या ‘फिट्झकराल्डो’ या सिनेमात मात्र नुसतं मॉडेल वापरलं.

हे नेमकं उलटं आहे. रबराचा व्यापारी कार्लोस फिट्झकराल्ड मुळात पेरूचाच. त्याने १८९०च्या दशकात बोट सुटी करून, तुकड्यातुकड्यांनी पलीकडे नेली. परका, आयरिश आहे तो सिनेमातला नायक. त्याला पेरूतल्या इकिटोस शहरात ऑपेरा हाऊस बांधायला पैसा हवाय. आणि दिग्दर्शक वेर्नर हेर्झोग यांनी ३०० टनांहून जड आगबोट जंगलातल्या चढावर खरोखर चढवली! तिथल्या आदिवासींनी त्यासाठी घाम गाळला. त्या कष्टांना ‘मॉडेल’ म्हणणं मला फार लागलं. मेसेज पुढे पाठवलेल्यांनी कृपया हा खुलासाही पाठवावा.