सुरमई आणि फुल पॅकेज

मालवणला मी मासे खायला गेलो होतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या साडूभाऊंनी आता सगळीकडे असं पसरवलंय की मला म्हणे समुद्राची फार ओढ आहे. मला समुद्राची ओढ वगैरे काही नाही. समुद्रात जे राहतं ते रवा लावून तव्यावरून ताटात यावं एवढीच माझी अपेक्षा असते, आणि मधे जेवण झाल्यावर दोन तास पंख्याखाली आडवं पडायला मिळालं तर सोन्याहून पिवळं.

पण हल्ली कोकणात जाऊन कोणी आडवं पडत नाही. ‘काय काय केलंत?’ असं विचारतात. पूर्वी ‘काय काय खाल्लंत’ विचारायचे. साडूभाऊंनी तर डोंबिवलीतूनच फोनवरून पॅकेज ठरवलं होतं. फुल पॅकेज. जेट स्की, बंपर, बनाना, पॅरासेलिंग, डॉल्फिन आणि स्कुबा, सगळं एका रेटमधे, आणि वर ‘चार जणांवर पाचवा फ्री’. तो पाचवा कोण हे मला नंतर कळलं.

रविवारी रात्री कोकणकन्येत बसलो, सोमवारी सकाळी कुडाळला उतरलो. सोमवार म्हटल्यावर माझ्या पोटात गोळाच आला कारण बायको आणि साळी दोघी सोमवार करतात आणि होमस्टेच्या काकूंच्या चुलीवर सोमवारी मासा चढत नाही. साडूभाऊ म्हणाले, एक दिवस कळ काढा, उद्या आपण दोघं ताव मारू. म्हटलं ठीक आहे. काळ्या वाटाण्याचं सांबार आणि भात खाल्ला, तेही झकास होतं, तक्रार नाही. पण शेजारच्या घरातून बांगडा तळल्याचा वास येत होता आणि मी वाटाणे मोजत होतो.

मग किल्ला. सिंधुदुर्ग मात्र बघण्यासारखाच आहे, तिथे माझी थट्टा बंद. 1664 साली महाराजांनी कुरटे बेटावर काम सुरू केलं आणि 1667 मधे किल्ला उभा राहिला, पायात शिसं ओतून. होडी अगदी तटाला भिडेपर्यंत दरवाजा कुठे आहे तेच कळत नाही, बुरुजांच्या आड असा काही लपवलाय. आणि चारी बाजूंना खारं पाणी असताना आत दूधबाव, साखरबाव, दहीबाव अशा गोड्या पाण्याच्या तीन विहिरी. मी तिन्ही नावं ऐकली आणि मला परत भूक लागली.

संध्याकाळी देवबागला त्सुनामी आयलंड. कर्ली नदी समुद्राला मिळते तिथला वाळूचा पट्टा, 2004 च्या त्सुनामीनंतर वर आला म्हणतात. भरतीला पाण्याखाली जातो, ओहोटीला बाहेर येतो आणि बाहेर आला की त्यावर लगेच भजीची टपरी. भजी घेणार तोच साळी ओरडली, भावोजी, बनाना! चला, आपला नंबर! लाइफ जॅकेट चढवलं. ते आधीच्या माणसाच्या अंगावरून थेट माझ्या अंगावर आलं होतं, ओलं, गार, आणि त्याच्या पोटाच्या मापाचं. बनाना म्हणजे केळ्याच्या आकाराची, हवा भरलेली रबरी होडी. तिच्यावर बसताना कोणी सांगत नाही की शेवटी ती मुद्दाम उलटवतात. पैसे त्याचेच असतात म्हणे. मी पाण्याबाहेर आलो तेव्हा नाकातोंडात अरबी समुद्र होता, एक चप्पल गोव्याच्या दिशेने गेली होती आणि टपरीवाला कढई घासत होता. रात्री सगळं इतकं मळमळत होतं की काकूंनी नुसती पेज दिली.

दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला, चहासुद्धा न घेता, डॉल्फिन. आता याबद्दल मी जास्त बोलणार नाही. होडीतल्या अकरा जणांना डॉल्फिन दिसला. मला दिसला नाही. ‘तो बघा, तो बघा’ म्हटलं की मी जिथे बघायचो तिथे तो आत्ताच होता. माझ्या मोबाइलमधे पाण्याचे त्रेचाळीस फोटो आहेत. नुसतं पाणी.

परत आलो तर काकूंनी घावणे घातलेले, पातळ, जाळीदार, बाजूला ओल्या नारळाची चटणी. मी हात पुढे केला आणि साडूभाऊंनी तो वरच्या वर धरला. स्कुबाच्या आधी पोट भरून खायचं नाही, आत उलटी होते. मग तुम्ही काय खाताय, मी विचारलं. ते म्हणाले मी कुठे स्कुबा करतोय, मला सायनस आहे. चार जण पैसे भरणारे आणि पाचवा फ्री, यातला फ्री तो मी.

स्कुबाचा पोरगा विशीतला असेल, काळाभोर, पाण्यातच जन्मल्यासारखा. त्याने विचारलं, ‘काका, पोहूक येता काय?’ म्हटलं नाही. तर म्हणतो, ‘मगे बरां झाला. येणारे उगीच हातपाय मारतत.’ मग त्याने खुणा शिकवल्या. तर्जनी आणि अंगठा जोडून गोल म्हणजे ठीक आहे. अंगठा वर म्हणजे मला वर न्या. कान दुखला तर नाक दाबून हवा ढकलायची. ‘तोंडान श्वास घेवा, नाकान नको. घाबरू नकात, मी आसंय.’ पन्नास वर्षं नाकाने श्वास घेतलेल्या माणसाला हे होडीच्या कडेला बसवून पाच मिनिटांत सांगतात.

खाली वीसेक फुटांवर गेलो. आधी स्वतःच्याच श्वासाचा घरघर आवाज, एसटी घाट चढताना येतो तसा. मग हळूहळू नजर बसली आणि खरं सांगतो, दोन मिनिटं मी भूक विसरलो. खडकावर काळेपिवळे पट्टे असलेले मासे असे फिरत होते जसे काय संध्याकाळी चौपाटीवर निघालेत. मी खूश होऊन पोराला अंगठा दाखवला. त्याने मला वर नेलं. ‘काय झाला काका?’ काही नाही, मस्त आहे असं सांगत होतो. परत खाली. परत मासे. परत माझा अंगठा. तिसऱ्यांदा त्याने माझा अंगठाच मुठीत धरून ठेवला आणि दुसऱ्या हातात पावाचा तुकडा दिला. क्षणात माझ्याभोवती पन्नास मासे. बोटांना गुदगुल्या करत पाव खाऊन गेले. सकाळपासून त्या हातात आलेला पहिला खाण्याचा पदार्थ होता तो.

दुपारी एक वाजता खानावळीत बसलो. सुरमई थाळी. हे मला नीट सांगू द्या. बोटभर जाडीची तुकडी, वरचा रवा अजून चुरचुर करत होता, कडेला कोकमाच्या आगळाचा लाल ओघळ, शेजारी वाटीत तिरफळ घातलेलं बांगड्याचं तिखलं, तांदळाची भाकरी, आणि सोलकढीच्या ग्लासाला बाहेरून घाम आलेला. मी कडेचा एक कुरकुरीत कोपरा मोडला, बोटात धरला, आणि फोन वाजला. आई.

“अरे, आज अंगारकी. लक्षात आहे ना? सकाळपासून काही खाल्लं नाहीस ना?”

वीस वर्षं मी अंगारकी धरतोय. निर्जळी नाही पण चंद्रोदयापर्यंत. आणि मी अगदी खरं सांगितलं, नाही गं आई, सकाळपासून काहीच खाल्लं नाही. बायकोचा चेहरा एकदम उजळला. म्हणाली, बघा, देवानेच पाळून घेतला उपास! मी तो कोपरा परत तुकडीला चिकटवून ठेवला, तो चिकटला नाही ते सोडा. साडूभाऊ संकष्टी धरत नाहीत. त्यांनी माझी थाळी हळूच आपल्याकडे ओढली आणि ‘सायनसला तिखट चांगलं’ असं काहीतरी म्हणाले.

मी सोलकढी पिऊ का विचारलं. त्यात लसूण होता.

रात्रीच्या गाडीत बसलो, चंद्र उगवला तेव्हा बाहेर काळोखात कुठलंसं स्टेशन गेलं आणि मी काकूंनी बांधून दिलेली केळी सोलली. तेवढ्यात मुलीने स्कुबाचा व्हिडिओ फॅमिली ग्रुपवर टाकला, गाण्यासकट. त्यात मी मास्कमधून डोळे विस्फारून एका हाताने माशांना पाव भरवतोय आणि दुसरा अंगठा कोणीतरी धरून ठेवलाय. खाली पुण्याच्या आत्याचा मेसेज आला, “मज्जा आहे बुवा! भरपूर मासे ना?”

मी बोटांचा तो गोल पाठवला.