दोन फुटी खारा टँक आणि स्किमर: निपाणीच्या वाचकांना उत्तर

नमस्कार.

घरी दोन फुटी टँकमध्ये समुद्री मासे पाळण्यावरच्या माझ्या लेखाला आलेली तुमची प्रतिक्रिया मी तीनदा वाचली आणि दोन दिवस थांबून मगच लिहायला बसलो. ज्यांनी मूळ लेख वाचला पण तुमची प्रतिक्रिया पाहिली नाही, त्यांच्यासाठी तिचा गाभा आधी देतो. तुम्ही लिहिलंत: 'टँक जेमतेम दोन फुटांचा, स्किमर नाही, सम्प नाही, आणि वर बेळगावसारख्या गावात हीटर घ्या म्हणता. अशा अर्धवट माहितीने नवख्याचे पैसे जातात आणि माशांचे जीव जातात. माझे दोन क्लाउन पहिल्या महिन्यातच गेले. चार फुटांचा टँक, सम्प आणि स्किमर परवडत नसेल तर खाऱ्या पाण्याच्या वाटेला जाऊ नका, असं स्पष्ट लिहा.' (स्किमर म्हणजे फेसाबरोबर पाण्यातली घाण काढणारं यंत्र, सम्प म्हणजे मुख्य टँकखाली जोडलेली दुसरी टाकी, आणि क्लाउन म्हणजे क्लाउनफिश.) शिवाय गोवा-कारवारहून पाणी आणि लाईव्ह रॉक, म्हणजे जीवाणू वसलेला समुद्रातला प्रवाळाचा दगड, आणला तर खर्च निम्म्यावर येतो, अशी सूचनाही केलीत.

तुमचे मासे गेले याचं मला मनापासून वाईट वाटलं. क्लाउन नीट सांभाळला तर दहा वर्षांहून जास्त जगतो. तो महिन्यात जातो तेव्हा काहीतरी मोठं चुकलेलं असतं, आणि काय चुकलं ते शोधलंच पाहिजे. पण ते स्किमर नसल्यामुळे घडलं, असं मला वाटत नाही.

नव्या टँकमध्ये पहिल्या महिन्यात मासे मारतो तो अमोनिया. माशांच्या कल्ल्यांतून आणि उरलेल्या खाण्यातून तो पाण्यात येतो. त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जीवाणू नव्या काचेवर नि नव्या दगडावर नसतात. ते पुरेसे वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. समुद्राच्या पाण्याचा पीएच 8.1 ते 8.3 असतो, आणि तेवढ्या पीएचला अमोनियाचा विषारी भाग गोड्या पाण्यापेक्षा बराच जास्त राहतो. म्हणून गोड्या पाण्यात गोल्डफिश जगवलेला माणूस इथे फसतो. स्किमर बारीक बुडबुड्यांना चिकटणारी प्रथिनं आणि इतर सेंद्रिय घाण फेसाबरोबर बाहेर काढतो. ती कुजून अमोनिया होण्याआधीच निघते, हे त्याचं खरं काम. पण पाण्यात आधीच विरघळलेला अमोनिया त्याच्या हाती लागत नाही. तुमच्याकडे तेव्हा चार फुटांचा टँक आणि उत्तम स्किमर असता, पण मासे पहिल्याच आठवड्यात सोडले असते, तर धोका थोडा पातळ झाला असता एवढंच.

म्हणून माझ्या यादीत स्किमरच्या आधी अमोनियाचा टेस्ट किट आहे. रिकामा टँक मिठाच्या पाण्याने भरून चालू करायचा, अमोनियासाठी चिमूटभर खाणं टाकायचं, आणि अमोनिया नि नायट्राइट दोन्ही वर जाऊन पुन्हा शून्यावर येईपर्यंत एकही मासा घ्यायचा नाही. हे वाट पाहणं मूळ लेखात मी दोन ओळींत उरकलं होतं. तिथे तुमची तक्रार रास्त आहे. ती दोन पानं व्हायला हवी होती.

टँकच्या आकाराबद्दल मी तुमचं अर्धं म्हणणं मान्य करतो, आणि ते हिशेबाने करतो. मी सुचवलेला टँक दोन फूट लांब, एक फूट रुंद, सव्वा फूट उंच. म्हणजे अडीच घनफूट, सुमारे 70 लिटर. वाळू, दगड आणि वरची मोकळी जागा सोडली तर पाणी 55 लिटरच्या आसपास. तुमचा चार बाय दीड बाय दीड म्हणजे नऊ घनफूट, 255 लिटर. घाण पातळ व्हायला तो साडेतीन पटींहून जास्त बरा, तापमानही त्यात सावकाश हलतं. पण बाष्पीभवन पृष्ठभागावरून होतं, आणि तुमच्या टँकचा पृष्ठभागही दोन चौरस फुटांवरून सहावर गेला, म्हणजे तिप्पट झाला. त्यामुळे पाणी आटून खारेपणा चढण्याच्या बाबतीत मोठा टँक तुम्हाला वाटतो तितका सुरक्षित नाही. एप्रिलमध्ये पंखा लावून माझ्या टँकमधलं रोज लिटरभर पाणी उडतं. पाणी उडतं, मीठ मागे राहतं. सात दिवस कुणी वर गोडं पाणी घातलं नाही, तर 55 चे 48 लिटर होतात आणि हजारात 35 असलेला खारेपणा 40 वर जातो. लग्नसराईत आठवडाभर गावाला जाणाऱ्या घरात हे सहज घडतं. त्यावर औषध म्हणजे काचेवर मार्करने मारलेली एक रेघ आणि रोज त्या रेघेपर्यंत आरओचं पाणी घालणारा घरातला एक माणूस.

तरी जागा असेल त्याने दोन बाय दीड बाय दीड घ्यावा, हे आता मी मूळ लेखात लिहिणार आहे. तो 127 लिटरचा होतो. दोन क्लाउन आणि साफसफाईचे काही शंख-शिंपले एवढ्या संसाराला तो ऐसपैस पुरतो. काच कापून टँक बांधून देणाऱ्याला फक्त एक बजावा: बाथरूमसाठी येणारं बुरशीरोधक सिलिकॉन वापरायचं नाही. आणि लोखंडी अँगलचं स्टँड असेल तर पाणी भरण्याआधी त्याला इपॉक्सी रंग द्या. खारं पाणी उडून उडून ते वर्षभरात सोलून निघतं.

सम्पला मात्र नवख्यासाठी माझा विरोध आहे, आणि त्याचं कारण आपल्या भागातली लाईट. पंप बंद पडला की वरच्या टँकचं पाणी पाइपातून खाली सम्पमध्ये उतरतं. तेवढी जागा सम्पमध्ये रिकामी ठेवली नसेल आणि परतीच्या पाइपाला पाण्याच्या पातळीला भोक पाडून सायफन तोडला नसेल, तर पाणी घरभर होतं. वळवाच्या एका पावसात चारदा लाईट जाते. ही गणितं जमलेल्या माणसाने सम्प जरूर करावा. पहिलाच टँक लावणाऱ्याने त्यात पडू नये.

लाईटचाच विषय निघाला म्हणून, मूळ लेखात मी न लिहिलेली आणि तुम्हीही न विचारलेली गोष्ट सांगतो. माझ्या मते ती स्किमरपेक्षा कितीतरी महत्त्वाची आहे. दोन पावसाळ्यांपूर्वी जुलैतल्या एका रात्री नऊच्या सुमाराला आमच्या गल्लीतली लाईट गेली, ती दुसऱ्या दिवशी दुपारी आली. झाड तारांवर पडलं होतं. अर्ध्या रात्री मासे पाण्याच्या वर येऊन तोंड उघडझाप करायला लागले. खाऱ्या पाण्यात मुळात प्राणवायू गोड्या पाण्यापेक्षा कमी विरघळतो. 25 अंशांना गोड्या पाण्यात लिटरमागे साधारण सव्वाआठ मिलिग्रॅम, तर समुद्राच्या पाण्यात पावणेसातच्या आसपास. त्यात बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटर उंच, हवेचा दाब किनाऱ्यापेक्षा सुमारे आठ टक्के कमी, त्यामुळे तो आकडाही तेवढाच खाली येतो. पाणी हलतं ठेवणारा पंप थांबला की शिल्लक भराभर संपते. आईने पाणी ढवळायला तांब्या आणून दिला. तिच्या हातातून तो मी घाईने बाजूला ठेवला, कारण तांबं शंख-कोळंबीसारख्या जिवांना अगदी थोड्या प्रमाणातही मारतं. मग आम्ही दोघं पहाटेपर्यंत आलटून पालटून प्लॅस्टिकच्या मगाने पाणी उचलत होतो आणि वीतभर उंचीवरून परत सोडत होतो. मासे वाचले, एक कोळंबी गेली. दुसऱ्याच दिवशी बॅटरीवर चालणारा एअर पंप घेतला. या सगळ्या सामानात तो जवळजवळ सर्वांत स्वस्त आहे. घरात इन्व्हर्टर असेल तर पाणी फिरवणारा छोटा पंप त्यावर घ्या. हीटर घेऊ नका, तो बॅटरी खाऊन टाकतो. काही तास गारवा सहन होतो, प्राणवायूवाचून काही तास सहन होत नाहीत.

आता हीटर. बेळगावसारख्या गावात तो कशाला, असं तुमचं म्हणणं. उलट मुंबईत एखादा हीटरशिवाय भागवेल, बेळगावात मला ते जमलेलं नाही. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा तेरा-चौदावर येतो. जुलै-ऑगस्टमध्ये तर दिवसाही हवा 24-25 च्या वर जात नाही आणि ऊन आठवडाभर दिसत नाही. खानापूरकडे त्याहून गार. क्लाउनला 24 ते 27 अंश हवेत, आणि त्याहून मोठी गरज म्हणजे ते दिवसरात्र सारखे राहायला हवेत. निपाणीत पाऊस आमच्यापेक्षा कमी, पण थंडीच्या रात्री तुमच्याकडेही पडतातच. एक अनुभवाची गोष्ट सांगतो. 100 वॅटचा एक हीटर घेण्याऐवजी 50-50 चे दोन घ्या. हीटरचा थर्मोस्टॅट कधीकधी चालू स्थितीतच अडकतो. मोठा अडकला तर पाणी शिजतं. छोटा अडकला तर पाणी हळू तापतं आणि तुम्हाला ते कळायला वेळ मिळतो. हीटरवरच्या आकड्यावर भरवसा न ठेवता वेगळा थर्मामीटर लावा. उन्हाळ्यासाठी चिलर, म्हणजे पाणी गार करणारं यंत्र, नको, पृष्ठभागावर वारा घालणारा छोटा पंखा दोन-तीन अंश उतरवतो.

खारं पाणी आणि करंट एकत्र आहेत, म्हणून बोर्डाला चांगलं अर्थिंग आणि 30 मिलिअँपियरचा आरसीसीबी (करंट गळला की लाईट तोडणारा स्विच) हवाच. प्लगच्या आधी वायर खाली लोंबू द्या, म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी प्लगमध्ये जाणार नाही. यात काटकसर नको. घरात लहान मुलं असतात.

खारेपणा मोजायला दुकानात काटा फिरणारं प्लॅस्टिकचं स्वस्त यंत्र मिळतं. माझ्या पहिल्या टँकचे हाल त्यानेच केले. काट्याला बुडबुडा चिकटला की तो वर जातो आणि आकडा जास्त दाखवतो. काट्यावर मीठ साचलं की तो जड होऊन कमी दाखवतो. मी महिनाभर कमी दाखवणाऱ्या काट्यावर विश्वास ठेवून मीठ वाढवत गेलो. रिफ्रॅक्टोमीटर (पाण्यात प्रकाश किती वाकतो त्यावरून खारेपणा दाखवणारं यंत्र) घ्या आणि तो 35 च्या प्रमाणित द्रवाने जुळवा. बरेचसे रिफ्रॅक्टोमीटर साध्या मिठाच्या द्रावणासाठी आखलेले असतात. नुसत्या आरओच्या पाण्याने शून्य जुळवलं तर समुद्राच्या पाण्याला एक-दीड अंक चुकतो.

पाण्याबद्दल: शहराला राकसकोप आणि हिडकल दोन्हीकडून पाणी येतं, जोडीला अनेकांच्या घरी विहीर नाहीतर बोअर. म्हणून 'बेळगावचं पाणी चालतं' किंवा 'चालत नाही' असं कुणीच सांगू नये. पाण्यात विरघळलेले क्षार दाखवणाऱ्या टीडीएस मीटरने मोजावं. स्वयंपाकघरातला आरओ वापरणार असाल तर त्यातला टीडीएस कंट्रोलर पूर्ण बंद करून घ्या. तो चवीसाठी थोडं न गाळलेलं पाणी परत मिसळतो, आणि मग आरओ असून नसल्यासारखा. मीटर दहाच्या खाली आला की पाणी कामाचं.

गोव्याहून पाणी आणायची तुमची सूचना मी झटकत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये, नदीच्या मुखापासून आणि बंदरापासून दूर, स्वच्छ कॅनमध्ये भरून आणलेलं पाणी चालू शकतं. पण पावसाळ्यात मांडवी, जुवारी आणि कारवारला काळी नदी किनाऱ्याजवळचं पाणी इतकं गोडं करतात की ते मोजल्याशिवाय टँकमध्ये घालणं धोक्याचं. 55 लिटरला सुरुवातीला मरीन मीठ लागतं दोन किलो आणि दर आठवड्याच्या दहा टक्के बदलाला 200 ग्रॅम. एवढ्यासाठी चोर्ला घाट उतरायची गरज मला वाटत नाही. आयोडीनयुक्त खायचं मीठ मात्र कुणी घालू नका. त्यात समुद्रातलं मॅग्नेशियम, कॅल्शियम, बायकार्बोनेट काहीच नसतं.

लाईव्ह रॉकबद्दल मला ठाम नाही म्हणायचं आहे. आपल्या समुद्रातला प्रवाळ 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. 2001 साली तो तिथे आला, समुद्रघोड्यांसकट. वाघाचं जे संरक्षण तेच त्याचं. मालवणला 1987 पासून सागरी अभयारण्य आहे, मुर्डेश्वरसमोर नेत्राणीच्या भोवती प्रवाळ आहे. तिथला तुकडा उचलणं हा गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी मी उचलला नसता. सिरॅमिकचे सच्छिद्र दगड घ्या. जीवाणू त्यावरही बसतात, फक्त वेळ लागतो. आपला जांभा सच्छिद्र दिसतो म्हणून घालायचा मोह होतो. त्यात लोह भरपूर, मी तो खाऱ्या पाण्यात घालत नाही.

आणि स्किमर? चार फुटांचा टँक आणि सहा-सात मासे असतील तर तो घ्याच. तिथे तुमचं बरोबर आहे. तो पाण्यात हवाही छान मिसळतो, हा फायदा मी मूळ लेखात मोजला नव्हता. पण दोन मासे, 55 लिटर आणि दर रविवारी न चुकता बदललेलं साडेपाच लिटर पाणी, एवढ्यावर त्याचं काम बादली करते. जो पैसा स्वस्तातल्या, कधी फेस करणाऱ्या कधी न करणाऱ्या स्किमरवर जातो, तोच रिफ्रॅक्टोमीटर, टेस्ट किट आणि बॅटरीच्या एअर पंपावर घालवावा, असं मी आजही सांगेन.

तुमच्या माशांबद्दल मला तीन गोष्टी कळवा. पाणी भरल्यापासून कितव्या दिवशी मासे सोडले? खारेपणा कशाने मोजत होता? आणि निपाणीचे आहात म्हणून तिसरी विचारतो: घरात किंवा शेजारी तंबाखूचं काम होतं का? निकोटीन माशांना विषारी आहे. तंबाखू हाताळलेले हात न धुता टँकमध्ये गेले, किंवा वखारीजवळची धूळ एअर पंपाने ओढली, तर बाकी सगळं बरोबर असूनही मासे जाऊ शकतात.

टँक अजून भरलेला असेल तर रिकामा करू नका. बेळगावला येणं झालं तर त्यातलं पाणी एका स्वच्छ बाटलीत काठोकाठ भरून घेऊन या. माझा किट आणि रिफ्रॅक्टोमीटर आहेच, दोघं मिळून मोजू.