‘फुकटच्या गोष्टीचे आठशे रुपये घेतले’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा रिव्ह्यू वाचला. दोन स्टार दिलेत आणि कारणंही स्पष्ट लिहिलीत, त्यामुळे उत्तर देणं सोपं जातंय. तुमचं म्हणणं असं: घरच्या कॉम्प्युटरवर सारखा ‘व्हायरस सापडला’ असा मेसेज येत होता म्हणून तुम्ही चांगलं अँटिव्हायरस घ्यायला एम. जी. रोडवर आमच्या दुकानात आलात. आम्ही अँटिव्हायरस तर दिलं नाहीच, उलट होती ती दोन्ही काढून टाकली, विंडोजमध्ये फुकट येतं तेच चालू केलं आणि त्याचे आठशे रुपये लावले. आता मुलाला गेम टाकताना पासवर्ड मागतो, मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमधून फाइल सेव्ह होत नाही, आणि शेजारच्या दुकानात ‘फुल प्रोटेक्शन’चा पॅक मिळत होता तो घेतला असता तर बरं झालं असतं. पैसे परत द्या, असंही लिहिलंय.

पैसे परत देणार नाही, ताई. का ते सविस्तर सांगतो, कारण हाच प्रश्न घेऊन नाशिक रोड, सिडको, इंदिरानगरहून रोज कुणीतरी आमच्याकडे येतं आणि हे उत्तर त्यांनीही वाचावं असं मला वाटतं. तुमच्या तक्रारींना उत्तर द्यायला लागेल तेवढंच बोलतो. तुमच्या मशीनमधलं बाकी काही इथे लिहिणार नाही.

आधी त्या मेसेजबद्दल. स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात खाली लाल चौकट यायची, ‘तुमचा कॉम्प्युटर धोक्यात आहे, आत्ताच रिन्यू करा’. तो व्हायरस नव्हता आणि अँटिव्हायरसचा इशाराही नव्हता. ते क्रोमचं नोटिफिकेशन होतं. एखादी साइट ‘तुम्ही रोबोट नाही हे दाखवण्यासाठी अलाऊ दाबा’ असं म्हणते, आपण दाबतो, आणि त्या क्षणी तिला आपल्या स्क्रीनवर हवं तेव्हा मेसेज टाकायची परवानगी मिळते. मग ब्राउझर मिटवला तरी चौकटी येत राहतात. चौकटीवर क्लिक केलं की पैसे भरायचं पान उघडतं. इलाज एवढाच: क्रोमच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, त्यात साइट सेटिंग्ज, त्यात नोटिफिकेशन्स. तिथे परवानगी दिलेल्या साइट्सची यादी दिसते. ती तुमच्यासमोर उघडली, अनोळखी नावं काढली आणि यापुढे कुठल्याच साइटनं विचारू नये असं करून ठेवलं. चौकटी तिथल्या तिथे थांबल्या. तीन हजारांचा पॅक टाकून तुम्हाला घरी पाठवलं असतं, तरी ती परवानगी तशीच राहिली असती आणि चौकटी येत राहण्याचीच शक्यता जास्त होती. तुम्हाला मात्र वाटलं असतं की आता मोठा व्हायरस शिरलाय.

आता दोन अँटिव्हायरस काढल्याबद्दल. एक कॉम्प्युटरसोबत आलेलं, मुदत संपलेलं. दुसरं नंतर कुणीतरी डाउनलोड केलेलं फुकटचं. दोन अँटिव्हायरस असले म्हणजे दुप्पट सुरक्षा, असं नसतं. दोघंही प्रत्येक फाइल उघडताना मध्ये पडतात, एकमेकांच्या कामात अडतात आणि मशीन रडत चालतं. शिवाय बाहेरचं अँटिव्हायरस बसलं की विंडोजचा स्वतःचा डिफेंडर बाजूला होतो. म्हणजे नवीन धोक्यांची माहिती न घेणाऱ्या सॉफ्टवेअरनं जागा अडवून ठेवायची आणि जे रोज अपडेट होऊ शकतं त्यानं गप्प बसायचं. हे मला कुणाच्याही घरात चालणार नाही.

‘फुकट म्हणजे हलकं’ हा समज विंडोज ७ च्या काळातला आहे. तेव्हा तो खराही होता, अँटिव्हायरस वेगळं टाकावंच लागायचं, आणि आमच्यासारख्या दुकानांनी सीडीचे डबे भरपूर विकले. २०१२ मध्ये विंडोज ८ आलं तेव्हापासून डिफेंडर हे पूर्ण अँटिव्हायरस म्हणून विंडोजमध्येच येतं. सुरुवातीला ते खरंच कच्चं होतं. पण जर्मनीतली एव्ही-टेस्ट आणि ऑस्ट्रियातली एव्ही-कंपॅरेटिव्हज या संस्था नियमित चाचण्या घेतात, त्यांचे निकाल नेटवर कुणीही वाचू शकतं, आणि त्यात गेली काही वर्षं डिफेंडर पैसे देऊन घ्यायच्या सॉफ्टवेअरच्या बरोबरीनं बसतो. एक उणीव मात्र आहे आणि ती मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो: त्याची बरीचशी ताकद इंटरनेटवर आहे. नेट नसलं की तो कमी पडतो. दिंडोरी-निफाडकडे मळ्यातल्या ऑफिसात नेट धड चालत नाही आणि सगळा व्यवहार पेन ड्राइव्हवर होतो, अशा ठिकाणी मी स्वतः पैसे देऊन चांगलं अँटिव्हायरस घ्यायला सांगतो. ज्यांना अडचण आली की फोन करून माणसाशी बोलायचंय, किंवा चार-पाच मशीनवर एका जागेवरून लक्ष ठेवायचंय, त्यांनाही. पुण्याच्या क्विक हीलपासून बाहेरच्या कंपन्यांपर्यंत सगळे पॅक आमच्या कपाटात आहेत आणि प्रत्येकावर आम्हाला मार्जिन मिळतं. तुमच्या घरी फायबर आहे, मशीन एकच आहे. पॅक दिला असता तर दहा मिनिटांत माझं काम झालं असतं आणि कमाईही जास्त झाली असती.

मग आठशे कशाचे? डिफेंडर ‘चालू’ असणं आणि नीट लावलेला असणं यात फार फरक आहे, आणि जवळपास दोन तास आमच्या दुकानातला मुलगा तेच करत बसला होता. क्लाउड प्रोटेक्शन, म्हणजे नेटवरून ताजी माहिती घेऊन फाइल तपासायची सोय, आणि टॅम्पर प्रोटेक्शन चालू आहे ना ते पाहिलं. टॅम्पर प्रोटेक्शन बंद असेल तर आत शिरलेला प्रोग्रॅम आधी डिफेंडरलाच झोपवतो. नको असलेली अ‍ॅप अडवायची सोय पुष्कळ मशीनवर अर्धवट लावलेली असते, ती पूर्ण लावली. एक्सक्लुजनची यादी तपासली. ही यादी म्हणजे ‘इथे बघू नकोस’ असं अँटिव्हायरसला सांगितलेल्या जागा. क्रॅक केलेला गेम किंवा विंडोज ‘अ‍ॅक्टिव्हेट’ करणारा प्रोग्रॅम टाकताना व्हिडिओवाला सांगतो की आधी डाउनलोडचा फोल्डर त्या यादीत घाला, आणि मुलं घालतात. घरोघरी दिसणारा प्रकार आहे हा, आणि असं झालं की जगातलं सगळ्यात महाग सॉफ्टवेअरसुद्धा तिथे बघत नाही.

शेवटी आयकारची फाइल उतरवून दाखवली, आठवत असेल. ६८ अक्षरांची साधी मजकुराची फाइल आहे ती, काहीही अपाय करत नाही. सगळी अँटिव्हायरस तिला मुद्दाम व्हायरस समजून पकडतात, कारण ती चाचणीसाठीच बनवलेली आहे. डाउनलोड व्हायच्या आतच डिफेंडरनं ती उचलली, ते तुम्ही पाहिलंत. तेवढं झाल्याशिवाय आम्ही मशीन परत देत नाही.

तुमचं मशीन विंडोज १० चं आहे, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं काम हेच होतं. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तुमचा प्रोसेसर जुना असल्यामुळे विंडोज ११ त्यावर रीतसर बसत नाही. म्हणून मायक्रोसॉफ्टच्या वाढीव सुरक्षा अपडेटच्या योजनेत तुमच्या खात्यातून नोंदणी केली, ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे. अँटिव्हायरस असताना हे कशाला, असं तुम्ही तेव्हाही विचारलं होतंत. विंडोजमध्येच भोक असेल तर अँटिव्हायरस ते बुजवत नाही. १२ मे २०१७ ला वॉनाक्राय हा फाइली कुलूपबंद करून पैसे मागणारा व्हायरस जगभर पसरला, इंग्लंडमधली हॉस्पिटलं ठप्प झाली. ज्या भोकातून तो शिरला ते बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टनं त्याच वर्षी मार्चमध्ये दिलेलं होतं. ज्यांनी टाकलं नव्हतं ते अडकले. त्यामुळे अपडेट ‘नंतर’वर ढकलू नका, मशीन रात्री चालू ठेवावं लागलं तरी चालेल.

मुलाला पासवर्ड मागतो ही तक्रार मी समजू शकतो, पण ती सेटिंग आम्ही मुद्दाम केली आहे आणि तुम्हाला विचारून केली आहे. त्याचं खातं आता साधं आहे, अ‍ॅडमिनचं खातं तुमच्याकडे. नवीन काही टाकायचं तर बहुतेक वेळा तुमचा पासवर्ड लागणार. एकदा टाकलेला गेम खेळायला बहुतेक वेळा पासवर्ड लागत नाही. चुकीची फाइल उघडली गेली तर तिला अख्ख्या विंडोजमध्ये हात घालता येऊ नये, यासाठी हे आहे. पासवर्ड त्याला सांगून टाकू नका, एवढी विनंती आहे. पासवर्ड मागेल तेव्हा उठून जा, स्क्रीनवर कशाचं नाव आहे ते वाचा आणि मग टाका.

मराठी टायपिंगचं मात्र लगेच सुटेल. आम्ही कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस चालू केला आहे. डॉक्युमेंट्स आणि फोटोंच्या फोल्डरमध्ये अनोळखी प्रोग्रॅमला काही लिहू द्यायचं नाही, असं तो करतो. रॅन्समवेअर सगळे फोटो कुलूपबंद करून पैसे मागतं, त्याला हा अडसर आहे. ही सोय मुळात बंद असते आणि डिफेंडर मुख्य अँटिव्हायरस असेल तरच चालते. तुमचं टायपिंगचं सॉफ्टवेअर जुनं आहे, डिफेंडर त्याला ओळखत नाही, म्हणून ‘अनधिकृत बदल रोखला’ असा मेसेज येतो आणि फाइल सेव्ह होत नाही. विंडोज सिक्युरिटी उघडा, व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शनमध्ये सगळ्यात खाली मॅनेज रॅन्समवेअर प्रोटेक्शन आहे. तिथे ‘अलाऊ अ‍ॅन अ‍ॅप’वर जाऊन नुकत्याच अडवलेल्या अ‍ॅपची यादी उघडा. तुमच्या सॉफ्टवेअरचं नाव दिसेल, त्यापुढचं अधिकचं चिन्ह दाबा. दुसरं ओळखीचं नसलेलं नाव दिसलं तर त्याला हात लावू नका, आम्हाला फोन करा. बिलावर नंबर आहे, फोनवरून करून देऊ, त्याचे पैसे नाहीत.

शेजारच्या दुकानाबद्दल मी वाईट बोलणार नाही. पण ‘फुल प्रोटेक्शन’ असं कुठल्याही डब्यात मिळत नाही, हे मला मनापासून सांगायचंय. सध्या एक प्रकार चाललाय: साइट म्हणते, रोबोट नाही हे सिद्ध करायला विंडोज आणि आर ही बटणं दाबा, मग पेस्ट करा आणि एंटर मारा. आपण आपल्याच हातानं त्यांची आज्ञा चालवतो. किंवा बँकेतून बोलतोय म्हणून फोन येतो, स्क्रीन बघायचं अ‍ॅप टाकायला लावतात, आणि ते अ‍ॅप खरं असल्यामुळे कुठलंही अँटिव्हायरस त्याला अडवेलच असं नाही. असं घडलं तर आधी नेट बंद करा आणि लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा, दुकान उघडायची वाट पाहू नका. पहिल्या तासात कळवलं तर पैसे खात्यात गोठवता येण्याची शक्यता जास्त असते. घरातल्या मोठ्या माणसांना हा नंबर पाठ करून ठेवायला सांगा.

पॅक तुम्हाला तरीही घ्यायचा असेल तर जरूर घ्या, आमच्याकडून किंवा शेजारून. फक्त एकच घ्या, आणि घेतलात की कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस आपोआप बंद पडेल हे लक्षात ठेवा. मग फोटोंसाठी त्या पॅकमध्ये तशी सोय आहे का ते विकत घेण्यापूर्वी विचारा.

एक काम तुमच्या बाजूनं बाकी आहे. त्या दिवशी बाहेरची हार्ड डिस्क तुम्ही घरी विसरला होतात, त्यामुळे फोटो आणि कागदपत्रांचा पहिला बॅकअप झालेला नाही. ती घेऊन या, बॅकअप लावून देतो आणि तो झाल्यावर डिस्क काढून कपाटात कशी ठेवायची तेही दाखवतो. कायम जोडून ठेवली तर रॅन्समवेअर तिच्यापर्यंतही पोचतं. येताना मायक्रोसॉफ्ट खात्याचा पासवर्ड लक्षात असू द्या, बाकी काही आणायची गरज नाही.