आमच्या मोत्याचं नाही हे!

हिवाळ्याच्या तोंडावर लॉनला एरेटर, म्हणजे जमिनीला भोकं पाडणारं यंत्र, मारून झाला होता. यंत्र बाजूला घेत होतो, तेवढ्यात कुत्रं फिरवायला निघालेले एक गृहस्थ फाटकाशी थबकले. त्यांनी माझ्या हिरवळीकडे पाहिलं, मग कुत्र्याकडे, मग माझ्याकडे. आणि ठासून म्हणाले, "आमच्या मोत्याचं नाही हे."

"काय?"

"हे सगळं." पट्टा धरलेला हात त्यांनी अंगणभर फिरवला.

एरेटरचे पोकळ दाते जमिनीतून मातीच्या कांड्या उपसून वरच टाकतात. बोटाएवढ्या जाड, ५ ते ७ सेंटीमीटर लांब, तपकिरी आणि ओलसर. त्या कशासारख्या दिसतात, ते मीही नाकारत नाही. पण काम नीट झालं असेल तर चौरस फुटात २० ते ४० भोकं पडतात. तेवढ्यासाठी मोत्याला अख्खी बिरादरी जमवावी लागली असती.

"अहो, माती आहे ती. यंत्रानं काढली."

"यंत्रानं केली?"

"काढली!"

"बरं, काढली. उचलणार कधी?"

"उचलायची नसते. पाण्यानं फुटते आणि दोन-चार आठवड्यांत गवतातच मुरते."

त्यांचा चेहरा पालटला. "असं कसं? आमचं नखाएवढं राहिलं तरी लोक खिडकीतून ओरडतात. आणि तुम्ही अंगणभर पसरून वर सांगताय, मुरेल! मुरायला काय हो, आमचंही मुरतं."

याला उत्तर होतं. कुत्र्याच्या विष्ठेत जंतांची अंडी असू शकतात आणि ती मातीत वर्षानुवर्षं तग धरतात. मुताचं म्हणाल तर त्यातलं नत्र एका जागी इतकं साचतं, की मधलं गवत जळतं आणि कडेचं तेवढं गर्द हिरवं होतं. पण हे सांगायला तोंड उघडेपर्यंत त्यांनी खिशातल्या गुंडाळीतून दोन पिशव्या फाडून माझ्या हातात कोंबल्या होत्या. "राहू द्या, लागतील," असं वर औदार्यानं बोलून गेले. मोत्या मात्र समजूतदार निघाला. एक कांडी हुंगली, तीत काही राम नाही हे ओळखलं आणि चालू लागला.

जाता जाता मालकांनी सल्लाही दिला : "आता थंडीत सगळं मरणारच. वसंतात करायचं ना हे!"

हे वाक्य डोक्यात जातं. थंड हवेचं गवत, म्हणजे ब्लूग्रास, फेस्क्यू, राय, हिवाळ्यात मरत नाही, झोपतं. आणि झोपण्याआधी, वरची वाढ मंदावली तरी, खाली मुळं वाढवत राहतं. उन्हाळाभर तुडवून दडपलेल्या जमिनीत त्या मुळांना हवा-पाणी मिळावं म्हणून ही भोकं. वसंतात पाडली, तर मोकळ्या जागेत गवताच्या आधी तण घुसतं. (बर्म्युडासारख्या उष्ण हवेच्या गवताचं गणित उलटं : त्याला हे उन्हाळ्याच्या तोंडाशी करावं.) आदल्या दिवशी पाणी द्यावं. कोरड्या मातीत दाते शिरत नाहीत, चिखलात शिरले तर तुंबतात. स्प्रिंकलरची डोकी आधी झेंड्या रोवून दाखवून ठेवावीत, नाहीतर कांड्यांबरोबर प्लास्टिकचे तुकडेही वर येतात. बी टाकायचं तर लगेच, आणि पहिल्या कडक हिमाला निदान ४५ दिवस हातात असताना. उशिरा टाकलेलं बी कोंबातच गारठतं. नत्र चौरस मीटरला ५ ग्रॅमच्या आसपास पुरतं. खताच्या पोत्यावर हिमकणाचं चित्र छापलं म्हणून आतला ऐवज बदलत नाही. पोत्यावरचे नत्राचे आकडे वाचावेत, चित्र नव्हे.

शेवटची कापणी ५-६ सेंटीमीटरवर. गवत उंच राहिलं तर बर्फाखाली आडवं पडून चिकटतं आणि त्यावर बुरशी धरते. 'एकदाच काय ते' म्हणून जमिनीलगत भादरलं, तर गवताचा गड्डाच उघडा पडतो. एका वेळी उंचीच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त कापू नये.

पानगळीबद्दल मी सभ्य भाषेत बोलू शकत नाही. पानं गवत कापायच्या मोवरखाली बारीक करून तिथंच सोडली, आणि चुऱ्यातून गवताची पाती वर दिसत राहिली, की खतही झालं आणि कामही संपलं. यासाठी पोती लागत नाहीत, आणि सकाळी सातला पानं उडवणारा ब्लोअर तर नाहीच नाही. पण ब्लोअर हाती आला की माणसाला कुंपण दिसेनासं होतं. शेजारच्या मेपलची पानं तरंगत माझ्या हद्दीत येतात आणि वर मालक हात हलवून म्हणतात, "वारा आहे आज!" वारा नव्हता. वारा त्यांच्या हातात होता. ओल्या पानांचा जाड थर महिनाभर पडून राहिला की खालचं गवत पिवळं पडतं, आणि ते पिवळं गवत माझं असतं, मेपलवाल्याचं नव्हे.

याच दिवसांत लोकांच्या हाताला कात्रीची खाज सुटते. लायलॅक आणि फोर्सिथिया या फुलझुडपांच्या पुढच्या वसंताच्या कळ्या आता फांदीवर तयार असतात. आता छाटणं म्हणजे फुलं छाटणं. गुलाबाच्या बुंध्याशी २०-३० सेंटीमीटर मातीची भर घालावी, पण कडक हिम एक-दोनदा पडून गेल्यावर. ती भर ऊब द्यायला नसते. सारखं गोठणं-वितळणं थांबावं म्हणून असते.

राहता राहिलं पाणी. गोठताना ते सुमारे ९ टक्के फुगतं आणि पाइपाची पर्वा करत नाही. स्प्रिंकलरच्या लाइनी कॉम्प्रेसरनं एकेक करून फुंकाव्यात. हवेचा दाब पीव्हीसीच्या पाइपाला ८० पीएसआयच्या आत, पॉलिथिलीनच्या पाइपाला ५०च्या आत. पाणी संपल्यावरही हवा मारत बसलं, तर तापून प्लास्टिकच बिघडतं. आणि बाहेरच्या नळाची नळी काढावी. 'आमचा नळ न गोठणारा आहे' म्हणणाऱ्यांनी तर आधी काढावी. त्या नळाची करामत एवढीच, की बंद केल्यावर उरलेलं पाणी बाहेर ओघळून जातं. पुढे नळी लावलेली असली तर ते आतच अडकतं, गोठतं आणि भिंतीतली नळकांडी फोडतं. थंडीभर काहीच कळत नाही. वसंतात पहिल्यांदा नळ सोडला, की पाणी बागेत येतं आणि घरातही.