मुलाखतीतली कोडी : एका खरमरीत प्रतिक्रियेला उत्तर

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा रागच आला, म्हणून उत्तराला उशीर झाला. मुलाखतीत कोडी विचारायला हवीत, या माझ्या लेखावर तुमचं म्हणणं थोडक्यात असं : गूगलने हे खूळ कधीच सोडलं, उत्तरं सगळ्यांची पाठ असतात, आणि ‘समोरच्याला घाम फुटलेला बघून ज्यांना आपण हुशार असल्याची खात्री पटते, तेच असले प्रश्न विचारतात.’

पहिल्या दोन गोष्टींवर वाद घालता येतो. तिसरा सरळसरळ टोमणा आहे, आणि तोही ज्याला तुम्ही कधी पाहिलेलं नाही त्याला. असहमती जरूर दाखवा, पण माझ्या मनात काय चालतं हे तुम्ही मला सांगायचं म्हणजे कमाल झाली!

घामाचं म्हणाल तर तो मीही गाळलाय. पहिल्या नोकरीच्या मुलाखतीत मला पुलाचं कोडं घातलं होतं. चौघांना रात्री कमीत कमी वेळात पूल ओलांडायचाय, कंदील एकच, एका वेळी दोघेच जाऊ शकतात. त्यांना लागणारा वेळ १, २, ५ आणि १० मिनिटं, आणि जोडी तिच्यातल्या संथ माणसाच्या वेगाने चालते. प्रत्येक फेरीला सगळ्यात चपळ माणसाला कंदील घेऊन परत पाठवलं की १९ मिनिटं होतात. मी तिथेच अडून बसलो. समोरचे गृहस्थ हसले नाहीत. ‘अजून कमी होतात,’ एवढंच म्हणाले आणि कागद माझ्याकडे सरकवला. दोन्ही संथ माणसं एकत्रच पाठवायची आणि त्यांचा कंदील आधीच पलीकडे थांबलेल्या दोन मिनिटवाल्याने परत आणायचा, हे सुचलं तेव्हा १७ झाली. त्या माणसाला माझा छळ करून आनंद मिळत होता, असं तुम्हाला म्हणायचंय का?

पुढे मी टेबलाच्या पलीकडे बसायला लागलो. दोन दोर, प्रत्येक जळायला एक तास, पण जळण्याचा वेग एकसारखा नाही. ४५ मिनिटं मोजा. एका मुलीने हे उत्तर धडाधड म्हणून दाखवलं : एक दोर दोन्ही टोकांनी पेटवा, दुसरा एकाच टोकाने, पहिला संपला की दुसऱ्याचं उरलेलं टोक पेटवा. पाठच होतं, दिसत होतं. मी म्हटलं, आता दोर एकच, १५ मिनिटं मोजा. ती जरा थांबली आणि म्हणाली, ‘काड्या किती आहेत?’ नेमका प्रश्न! दोन्ही टोकं आणि मधला एक बिंदू पेटवायचा, म्हणजे जळती टोकं चार. एक तुकडा संपला की उरलेल्याला पुन्हा मध्ये काडी लावायची आणि चाराची संख्या टिकवायची. कागदावर काड्या संपतच नाहीत. पाठांतराची मदत कुठे संपते ते असं दिसतं, आणि ते बघायलाच मी तिथे बसलेला असतो. घाम बघायला नव्हे.

एक मान्य करतो. तीन बटणं आणि बंद खोलीतला दिवा (बाहेरच्या तीन बटणांपैकी दिव्याचं कुठलं, ते खोलीत एकदाच जाऊन ओळखायचं) हे कोडं आता विचारण्यात अर्थ नाही. बल्बला हात लावून बघायचा हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, आणि एलईडीच्या काळात तो हाताला पूर्वीसारखा चटका देतही नाही.

राहता राहिलं गूगल. त्यांच्या मनुष्यबळ विभागाचे तेव्हाचे प्रमुख लाझ्लो बॉक २०१३ साली असली कोडी म्हणजे वेळेचा अपव्यय असं म्हणाले, हे मलाही माहीत आहे. पण त्यांनी उदाहरणं दिली ती विमानात किती गोल्फचे चेंडू मावतील छापाची, म्हणजे निव्वळ अंदाजपंचे. दोराचा आणि त्याचा संबंध काय? त्यामुळे त्या मुद्द्यावर जास्त शाई खर्च करत नाही.

आणि ‘एकदा उत्तर वाचलं की कोडं संपतं’ असं तुम्ही शेवटी लिहिलंयत, म्हणून एक विचारतो. १२ नाण्यांत एक खोटं आहे, जड की हलकं माहीत नाही. तराजूच्या तीन तोलांत ते शोधून जड-हलकंही सांगायचं. हे तुमचं पाठ असणारच. प्रत्येक नाणं जड किंवा हलकं, म्हणून शक्यता २४; एका तोलाचे निकाल तीन, म्हणून तीन तोलांचे २७, सगळं मावतं. आता नाणी १३ घ्या. शक्यता २६, म्हणजे अजूनही २७च्या आतच. तरी जमत नाही. का जमत नाही, ते कुठेही न शोधता लिहा. पहिल्या तोलात दोन्ही पारड्यांत किती नाणी ठेवाल, तिथून सुरुवात करा.