‘गाइड ठोका, व्हॉल्व्ह घासा, झालं!’ म्हणणाऱ्यांसाठी

जुन्या फियाट-पद्मिनीचं हेड (इंजिनचा व्हॉल्व्ह असलेला वरचा भाग) घरच्या घरी कसं करावं, हे सांगणारा एक फॉरवर्ड सध्या फिरतोय. मला तो चार वेळा आला. मजकूर थोडक्यात असा: लेथवाला पैसे उकळतो. नवे गाइड (व्हॉल्व्हची दांडी ज्यात वरखाली सरकते त्या नळ्या) हातोड्याने ठोकून बसवा, जितके टाइट तितके चांगले. सीटवर (बंद होताना व्हॉल्व्ह ज्या कड्यावर टेकतो त्यावर) रुंद, चकचकीत पट्टा येईपर्यंत व्हॉल्व्ह खरखरीत पेस्टने घासा. हल्लीच्या पेट्रोलमध्ये शिसं नाही, तेव्हा सीट नव्या टाकाच. आणि निळा धूर आला तर पिस्टनच्या रिंगा गेल्या समजा.

लेथवाल्याच्या पैशांबद्दल मी काही बोलत नाही. बाकीचं बघू.

या इंजिनचा ब्लॉक बिडाचा, पण हेड अॅल्युमिनियमचं. तापल्यावर अॅल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. थंड हेडमध्ये थंड गाइड हाणला की तो भोकाची भिंत खरवडत खाली जातो. तेव्हा टाइट वाटतो, पण ज्या एक-दोन थाऊच्या (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) जोरावर तो टिकायचा, त्याच खरवडून गेलेल्या असतात. इंजिन तापलं की गाइड हलायला लागतो. त्यापेक्षा गाइड रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा, हेड ओव्हनमध्ये सव्वाशे अंशांपर्यंत तापवा आणि प्रेसने सरळ बसवा. (हेड आधी नीट धुवा, नाहीतर पुढचे चार केक इंजिन ऑइलच्या वासाचे.) जुना गाइड काढण्याआधी तो किती वर आलेला आहे, तेही मोजून लिहून ठेवा.

‘जितके टाइट’ हे आतल्या बाजूला तर मुळीच लागू नाही. दाबून बसवला की गाइडचं भोक किंचित आवळतं, म्हणून रीमर (भोक नेमक्या मापाचं करणारं अवजार) फिरवावाच लागतो. मॅन्युअलचा आकडा मिळाला तर तोच पाळा. साधारणपणे इनलेटला (हवा-पेट्रोल आत घेणाऱ्या व्हॉल्व्हला) एक-दोन थाऊ आणि जास्त तापणाऱ्या एक्झॉस्टला (जळका वायू बाहेर सोडणाऱ्याला) त्याहून थोडी जास्त फट लागते. नाही ठेवली, तर सायनच्या ट्रॅफिकमध्ये इंजिन तापून व्हॉल्व्ह उघडाच अडकतो आणि गाडी तीन सिलिंडरवर खोकत घरी येते.

आता घासण्याचं. सीट कटरची दांडी गाइडमध्ये बसते आणि कटर तिच्याभोवती फिरतो. म्हणजे सीटचा मध्य गाइड ठरवतो. गाइड बदलला की हा मध्य केसभर तरी सरकतोच, तेव्हा सीट पुन्हा कापणं आलं. मी माझ्या पहिल्या हेडला हे टाळलं होतं. तिसऱ्या सिलिंडरचा एक्झॉस्ट दोन संध्याकाळी घासला. पट्टा आरशासारखा. चेंबरमध्ये रॉकेल ओतलं, तर चहा संपायच्या आत व्हॉल्व्हमागच्या पोर्टमध्ये थेंब, म्हणजे गळती. मग एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी व्हॉल्व्हला निळा रंग लावून तो सीटवर टेकवला. सीटवर पूर्ण गोल उमटायच्या जागी चंद्रकोर उमटली. “घासून वाकडं सरळ होत नाही बाबा,” एवढंच म्हणाले.

आणि रुंद पट्टा कशाला हवा? इनलेटला दीड मिलिमीटर, एक्झॉस्टला दोनच्या आसपास पुरे. रुंद सीटवर स्प्रिंगचा दाब पसरतो आणि कार्बन चिकटतो. फार बारीकही नको, कारण एक्झॉस्ट व्हॉल्व्हची बरीचशी उष्णता सीटमधूनच बाहेर जाते. पेस्ट शेवटी मिनिटभर, सलग राखाडी रेघ दिसते का हे बघण्यापुरती. नंतर तिचा कण न् कण धुऊन काढा, नाहीतर ती नवा गाइड खाईल.

शिसं सीटला झिजण्यापासून वाचवायचं, म्हणून शिशाची भीती अगदीच खोटी नाही. थेट बिडाच्या हेडमध्येच सीट कापलेल्या जुन्या इंजिनांना ती लागू आहे. अॅल्युमिनियमच्या हेडमध्ये सीट मुळातच वेगळ्या, कडक धातूच्या बसवलेल्या असतात. शिसंवालं पेट्रोल देशभरातून २००० साली गेलं, तरी काळ्या-पिवळ्या पद्मिनी मुंबईत ऑक्टोबर २०२३ पर्यंत धावल्या. त्याही बऱ्याचशा सीएनजीवर, जो सीटला पेट्रोलपेक्षा कडकच. सीट खचली, तडकली किंवा सैल झाली असेल तरच बदला.

राहिला धूर. खंडाळ्याहून खोपोलीकडे घाट उतरताना दुसऱ्या गिअरमध्ये पाय अॅक्सिलरेटरवरून पूर्ण काढा. थ्रॉटल बंद असल्याने इंजिन जोरात ओढतं आणि झिजलेल्या इनलेट गाइडमधून ऑइल आत खेचलं जातं. खाली आल्यावर पाय दाबा आणि आरशात बघा. तेव्हाच निळा लोट उठला, तर रिंगांना हात लावण्याआधी हेड उघडा.